सडकेचा दवणा

११ सप्टेंबर १९७८, सोमवार

सकाळी शिंका सत्तावीस. मोजल्या. काल एकोणीस होत्या. विहिरीवर नाक दाबून गेले, बायांसमोर सुरू व्हायला नको म्हणून. तरी आल्याच. घागर अर्धी भरून परत.

तीन वर्षं हेच. पोळा झाला की सुरू, दिवाळी सरली की आपोआप बंद. एरवी काही नाही. पण या वर्षी छातीत उतरलंय. पहाटे श्वास घेताना आत मांजर बसल्यासारखी घरघर येते. भिंतीकडं तोंड करून झोपते. सुमी बारा वर्षांची, आम्ही दोघी बहिणी एकाच वाकळेवर. तिला ऐकू गेलंच.

"अक्का, तुज्या आत कोन बोलायलंय?"

झोप म्हटलं.

१३ सप्टेंबर

नेमणुकीचं पत्र आलं! मराठी शाळा, गुरुजीण म्हणून, कमलनगरच्या पुढचं एक गाव. अप्पांना वाचता येत नाही. तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा म्हणाले, "आनिक एकदा, पर हळू." पत्र कानडीत, मी मराठीत सांगत होते, तर म्हणाले, आधी जसं लिवलंय तसं वाच. तसंही वाचलं.

मग पत्राची घडी करून तसबिरीखाली ठेवली. आज सडकेच्या गँगवर गेले नाहीत. वर्षात पहिला खाडा.

मी शेवटची ओळ नीट सांगितली नाही. १६ ऑक्टोबरला बिदरच्या सरकारी दवाखान्यात तपासणी. तंदुरुस्तीचा दाखला आणल्यावरच हजर करून घेणार. सोबत एक अर्ज, तो घरूनच भरून न्यायचा. सातवा रकाना: क्षय, दमा किंवा छातीचा दुसरा विकार आहे का? होता का?

अर्ज ट्रंकेत तळाशी.

१५ सप्टेंबर

शिंका ३१.

आज गयाआत्या सारखी डोळ्यांपुढं. अप्पांची थोरली बहीण. मी सहा वर्षांची होते तेव्हा गेली. गोठ्याकडच्या सोप्यात तिची बाज होती. पितळी वेगळी, तांब्या वेगळा. मी तिच्याजवळ गेले की माय ओढून आणायची. रात्रंदिवस खोकायची, आणि सुरुवात शिंकांनी झाली होती का, हे मला कुणाला विचारता येत नाही. विचारलं की सगळे माझ्याकडं बघतील.

तिची पितळी अजून आहे. खुंटीच्या वरच्या फळीवर, पालथी.

१८ सप्टेंबर

मायला कळलं. घरघर ऐकली असणार. ओढ्यावर धुण्याला गेली आणि मल्लव्वाशी बोलून आली. मल्लव्वा म्हणजे धनगरांची म्हातारी, मैलारलिंगाच्या देवळाजवळ राहते. नाकाचं, छातीचं औषध देते. लांबून लांबून लोक येतात. दवण्याचा काढा आणि दवण्याची वाफ. पण पथ्य असं: तीन ऐतवार तिच्या दारात जायचं, देवाला नारळ, कपाळाला भंडारा, आणि औषध तिच्याच हातून घ्यायचं.

माय हे सगळं भाकरी थापता थापता, चुलीकडं बघत सांगत होती. अप्पा जेवत होते. हात थांबला.

"मी हात वर करून बोललोय, देव न्हाई मानायचे. वीस-बावीस वर्साचा व्हतो. देव टोपल्यात घालून वड्यात सोडले, ते आता तिच्या वट्यावर हुडकाया जावं?"

माय: "लेकीसाटी म्हनलं."

अप्पा: "लेकीसाटीच सोडले."

मला शिंका येत होत्या, त्या पदरात दाबल्या.

१९ सप्टेंबर

अप्पा आज सकाळी स्वतःहून म्हणाले, "झाड त झाड हाय. ते काय तिच्या देवानं पेरलंय? दवना आपुन आनू, आपुन उकळू."

पण दवणा दिसतो कसा? मी कधी जवळून पाहिलेला नाही. आमच्या वस्तीत एकाच्याही परड्यात नाही. चैत्रात देवाला वाहायचा म्हणून लोक लावायचे. देव गेले तसा दवणाही उपटला, असं अप्पाच सांगतात. त्यांनीच उपटला होता.

"गाजरावानी पाला. बारीक कातरल्याला. जरा राखुंडी. वास येतो. मला ठाव हाय."

२० सप्टेंबर

अप्पा संध्याकाळी मोठा भारा घेऊन आले. सडकेच्या दोन्ही कडांनी हे झाड दोन-तीन वर्षांत नवीन माजलंय. गँगवाले रोज तेच खुरपतात. त्याला अजून धड नावही नाही. अप्पा म्हणाले गँगवर सगळ्यांचंच म्हणणं, ही दवण्याचीच जात. फुलं नसलेली कोवळी रोपं निवडून आणलीत, मुळं झटकून, ओल्या धोतरात गुंडाळून. चार मैल डोक्यावर.

"घे. देव न्हाई, नारळ न्हाई. सडकभर दवना हाय तुज्या बापाचा."

हसले. किती दिवसांनी हसले.

२१ सप्टेंबर

मडक्यात पाला उकळला, डोक्यावरून वाकळ, वाफ घेतली. कडू उग्र वास. डोळ्यांतून पाणी. पण नंतर अर्धा तास नाक मोकळं! खरंच मोकळं. अप्पा दारात उभे होते. "कसं वाटायलंय?" म्हटलं, बरं वाटतंय. खोटं नव्हतं ते. आता वाटतं, अर्धा तासच होतं, तेही सांगायला हवं होतं का.

उरलेला पाला वाळवून उशीत भरला. ही अप्पांची कल्पना. रात्रभर वास छातीत जाईल म्हणाले.

२४ सप्टेंबर, रविवार

शिंका मोजणं सोडलं. चाळीसच्या पुढं चुकतात.

आज मल्लव्वाचा पहिला ऐतवार झाला असता.

वाफ रोज दोनदा. कमी पडत असेल म्हणून पाला दुप्पट केला. पापण्या सुजल्यात. माझंच काहीतरी चुकतंय. मनापासून घेत नाही म्हणून गुण येत नाही का? घेताना मनात सारखं मल्लव्वाचं येतं, तिच्याकडं गेले असते तर, असं. अप्पा डोक्यावरून भारा आणतात आणि मी वाकळेखाली बसून दुसऱ्याच दाराचा विचार करते. हेही खोटं बोलण्यासारखंच नाही का? सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणते. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही तिथं, जीभ अडते.

२७ सप्टेंबर

दुपारी जेवायला बसलो. मायनं वाढलं. माझ्यापुढं जी पितळी आली ती वेगळी होती. कडेला पोचा आलेली.

वरच्या फळीवरची.

मी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "त्या घासायच्या ऱ्हायल्यात." चुलीपाशी चारही पितळ्या घासून उभ्या होत्या. मी पाहिल्या, तिनं मला पाहताना पाहिलं.

जेवले. पूर्ण जेवले, काही न टाकता. मग गोठ्यामागं जाऊन ओकले.

२९ सप्टेंबर

पहाटे श्वास मिळेना. उठून बसले तर थोडा मिळतो. गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकलं तर अजून थोडा. गयाआत्या अशीच बसायची. अगदी अशीच, हात असेच.

१६ तारखेला सतरा दिवस. डॉक्टर नळी लावणार. नळीतून सगळं ऐकू जातं म्हणतात. वस्तीतून नोकरीवर जाणारी मी पहिली. बाई काय, बाप्या काय, कुणीच गेलेलं नाही. परवा विहिरीवर शेवंताकाकू म्हणाली, "आमची गुरुजीन आली, वाट द्या गं." माझ्यासाठी सगळ्या बाजूला झाल्या. मला पळून जावंसं वाटलं.

३० सप्टेंबर

सुमीच्या मानेवर, कानामागं लाल चट्टे. रात्रभर खाजवत होती. माझ्या उशीवर येऊन झोपते.

म्हणजे माझं तिला लागलं. लागणारं आहे म्हणजे तेच आहे.

आज मी गोठ्याकडच्या सोप्यात झोपते असं मायला सांगितलं. माय एकदम रडायला लागली. मग डोळे पुसून उशी उचलली, उसवली, पाला हातावर घेऊन हुंगला. किती वेळ हुंगत होती.

"दवन्याचा वास असा नसतो गं. माज्या माहेरी परड्यात व्हता, मी लगीन होईस्तोर. गोड वास. हातानं चोळला त दिसभर हाताला."

म्हटलं, मग दहा दिवस बोलली का नाहीस?

"तुजा अप्पा डोक्यावर घिऊन आला. मी कामून तोंड उघडू?"

१ ऑक्टोबर, रविवार

अप्पा औरादच्या बाजाराला गेले. माय आणि मी मल्लव्वाकडं. अप्पांना सांगितलं नाही. उशीतला पाला मायच्या ओटीत.

मल्लव्वा मेंढराला पाला घालत होती. मायनं ओटी उघडली. म्हातारीनं पुढं होऊन बघितलं आणि मायच्या हातावर फटका मारला. पाला खाली पडला.

"ह्यो कुटला दवना? मेंढरू तोंड लावना ह्याला! सडकंवर आलाय मेला, माज्या दोन बकऱ्यांची तोंडं सुजवली. कुनी दिला?"

मी म्हटलं, मीच आणला. हेही खोटं.

"तू? सोळा बुकं शिकलीस म्हनं. दवना वळकंना व्हय?" माझी हनुवटी धरून पापण्या बघितल्या. "आन् ह्याची वाफ घ्यायलीस? अगं आगीत उभं ऱ्हाऊन भाजलंय म्हनाया लागलीस की."

मग परड्यातून एक डहाळी तोडून माझ्या तळहातावर चोळली. पाला खरंच तसाच कातरलेला, पण मऊ, राखाडी. आणि वास… माय म्हणाली तसा. पिकलेल्या फळासारखा. हे झाड आणि ते झाड शेजारी ठेवलं तर मुलालाही कळेल. शेजारी ठेवायला आमच्याकडं दुसरं झाडच नव्हतं.

मी धीर करून म्हणाले, नारळ आणला नाही, आणि भंडारा…

"नगं त नगं. माजा मैलार काय उपाशी ऱ्हात न्हाई तुज्या नारळाबिगर. पर औषिद माज्या हातचं. ते न्हाई सोडनार."

काढा दिला. पाजताना डाव्या हातानं माझं कपाळ मागं धरलं. सकाळची पूजा झालेली, हात पिवळाच होता.

येताना ओढ्यावर कपाळ धुतलं. तीनदा धुतलं. लावून घेणं मोठं पाप की पुसून टाकणं, हे चालता चालता सुटेना.

२ ऑक्टोबर

अप्पांनी काल भाकरी खाताना माझ्याकडं बघितलं. केसांच्या कडेला, कानापाशी. आरशात पाहिलं तर तिथं थोडं पिवळं राहिलंय.

ओल्या पदरानं पुसून टाकलं.

४ ऑक्टोबर

उशी जाळायला निघाले होते, मायनं गोठ्यामागच्या खड्ड्यात पुरायला लावली. सडकेच्या पाल्याची वाफ बंद. मल्लव्वानं दिलेल्या दवण्याची वाफ, अप्पा कामावर गेल्यावर. अप्पांना वाटतं, त्यांचाच पाला चाललाय. रोज विचारतात, घेतलीस का? घेतली म्हणते. काय घेतली ते सांगत नाही.

शिंका २२.

७ ऑक्टोबर

शिंका ११. काल पहाटे जाग आली नाही! सुमीचे चट्टेही वाळलेत. म्हणजे लागणारं नाही. तिला पाल्यानंच झालं होतं. असं मी स्वतःला दिवसातून वीस वेळा सांगते.

दवण्यानं बरं वाटतंय, की तो पाला घरातून गेला म्हणून? की दिवाळी जवळ आली म्हणून? तिन्ही एकदम घडतंय, कोणाला गुण द्यायचा कळत नाही.

संध्याकाळी अप्पा आले, डोक्यावर मोठा भारा. पहिल्यापेक्षा मोठा. मायला म्हणाले, "बघ, लागू पडला का न्हाई दवना? म्हनायलीस, म्हातारीकडं जाऊ." गँगवर सगळ्यांना सांगितलंय म्हणे. मुकादमानंही आपल्या बायकोसाठी एक पेंढी नेली.

मुकादमानं नेली!

आता बोलायलाच पाहिजे. अप्पांच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी काळी, जाड झालीय, भेगा पडल्यात. मी रोज पाहते, आज दिसली. हा माणूस तीन वर्षं रोज हेच हातानं उपटतोय.

बोलले नाही. उद्या.

८ ऑक्टोबर, रविवार

उद्या झाला. बोलले नाही.

मल्लव्वाकडं दुसरा ऐतवार. आज तिनं हात धुऊन पुसून घेतला, मला दाखवला. "बग. पांढरा हाय. आता घशाखाली जाईल का तुज्या?" मला हसू आलं. मग लाज वाटली.

दवण्याचं एक रोप मागितलं. दिलं. पाटीखाली झाकून आणलं, गोठ्यामागं ठेवलंय.

१० ऑक्टोबर

बसून लिहितेय, आडवं होता येत नाही.

शनिवारचा भारा पडून होता. मायला वाटलं, अप्पा परत यायच्या आत संपवून टाकावा. चुलीत घातला. सगळा. ओला होता, धूर झाला. मी आत पीठ चाळत होते.

पुढचं नीट आठवत नाही. दार सापडेना. अंगणात आले, गुडघ्यांवर, तोंड उघडं, आत काही जाईना. सुमी "अक्का, अक्का" ओरडत होती, लांबून आल्यासारखं. मला एवढंच वाटलं, सोळा तारखेला अजून सहा दिवस आहेत, आत्ता नको.

गँगचं काम आज वस्तीजवळच होतं, अप्पा पाण्याच्या सुट्टीला घरी आले ते नेमके तेव्हाच. मला उचलून वाऱ्याला नेलं. "वाफ द्या तिला! दवना कुटाय? दवना आना!" असं ओरडत होते.

आणि माय चुलीतून अर्धी जळकी काडी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ह्यानंच झालंय. ह्यो दवना न्हाई. पहिल्यापासनं न्हाई."

११ ऑक्टोबर

अप्पा कालपासून बोलत नाहीत. मायला नाही, मलाही नाही. मला वाटत होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

पहाटेच उठून मुकादमाच्या घरी गेले होते. त्याची बायको बरी आहे. तिनं तो पाला म्हशीपुढं टाकला होता, म्हशीनं खाल्ला नाही. परत येऊन अप्पांनी एवढं सांगितलं, भिंतीला सांगितल्यासारखं.

१२ ऑक्टोबर

अप्पा वस्तीभोवतालचं ते सगळं झाड उपटतायत. घरामागचं, वाटेवरचं, शाळेपर्यंतचं. उघड्या हातांनी. मी म्हटलं, अप्पा, हाताला फडकं तरी गुंडाळा. बघितलं नाही. माय म्हणाली, उपटू दे.

मी आत, दार बंद करून बसते. श्वास बरा, पण पूर्ण नाही. खोल घेतला की शेवटी बारीक शिट्टी वाजते. नळीनं ऐकू येईल एवढी.

१३ ऑक्टोबर

अर्ज काढला. सगळे रकाने भरले. नाव, गाव, जन्मतारीख (शाळेत घातलेली), उंची. सातव्याशी थांबले.

'आहे' लिहिलं तर काय होईल? शाळेवर कोण घेईल? गावात सांगतील, गयाचीच जात. सुमीच्या लग्नापर्यंत पुरेल ते.

'इल्ला' लिहिलं. कानडीत नाही म्हणायला दोनच अक्षरं. शाईनं. टीपकागद लावला. कुणाला दिसू नये म्हणून अर्ज पालथा ठेवला होता, तर शाई पलीकडून उमटून तेच अक्षर उलटं दिसत होतं.

१५ ऑक्टोबर, रविवार

तिसरा ऐतवार. मी जाणारच नव्हते. अप्पा सकाळी चपला घालून दारात उभे. "चल." कुठं ते म्हणाले नाहीत. मैलाराच्या देवळाच्या वाटेला लागले तेव्हा कळलं.

देवळाला वळसा घालून, मागच्या बाजूनं गेले. मल्लव्वाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. आत आले नाहीत. तिनं मला काढा दिला. मग कुंपणापाशी जाऊन म्हणाली, "ये की आत, अप्पाराव. बाट न्हाई लागनार माज्या देवाचा."

अप्पा म्हणाले, "हितं बरा हाय."

"हात दाव."

कुंपणावरून हात पुढं केले. तिनं मेंढराच्या लोण्यात काहीतरी कालवून चोळलं. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. मी काढा पीत होते.

येताना वाटेत म्हणाले, "तू बोलली असतीस तर?"

म्हटलं, तुमी डोक्यावरून आनलं होतं.

अप्पा: "उगं बोजा वाहिला."

१६ ऑक्टोबर, सोमवार. बिदर.

नळी लावली. पाठीवर, छातीवर, पुन्हा पाठीवर. श्वास ओढा, सोडा. मी हळू ओढत होते, शिट्टी वाजू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, "डरो मत अम्मा, जोर से लेव."

जोरात घेतला. वाजली. मलाही ऐकू आली.

"कब से है ये?"

तोंडातून निघून गेलं. तीन साल. पावसाळा संपला की. दिवाळीपर्यंत. गवताची वाफ घेतली तेही सांगितलं, दवण्याचंही सांगितलं, गयाआत्याचंही. कुणी विचारलं नव्हतं. थांबताच येईना.

ते ऐकत होते आणि अर्ज बघत होते. बोट सातव्या रकान्यावर. इल्ला. बोट तिथंच राहिलं. मी बोलायची थांबले.

मग छातीचा फोटो काढायला पाठवलं. अप्पा बाहेर बाकावर, हात उपरण्याखाली लपवून.

रात्री मायच्या मावसभावाकडं मुक्काम.

१७ ऑक्टोबर

फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मी अप्पांच्या उपरण्याचं टोक पकडून उभी. कधी पकडलं आठवत नाही.

"टीबी नईं है. वो डर निकाल दो."

अप्पांना हिंदी कळतं. भिंतीला टेकले.

"घास का है. नवा घास आया है ना सडकां पे, इस साल भोत लोगां आ रे." मग अप्पांना उपरणं बाजूला करायला लावलं, हात पाहिले, मलमाची चिठ्ठी दिली. "वो काम छोड दो, बाबा." अप्पा हसले नुसते. गँगचं काम सोडून काय करणार, हे डॉक्टरांनाही माहीत असणार.

मला गोळ्या दिल्या. झोप येईल म्हणाले.

दाखल्याचं अप्पांनीच विचारलं.

"दमा तो है इसको. छोटा है, पन है. और इसने लिखा नईं है." माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "देखता मैं, क्या लिखना."

एक तास बाहेर बसलो. मग शिपायानं लखोटा आणून दिला. बंद, डिंकानं चिकटवलेला, वर शिक्का. औरादच्या शिक्षण ऑफिसचा पत्ता. स्वतः नेऊन द्यायचा, न उघडता.

१८ ऑक्टोबर, बुधवार. घरी.

उद्या सकाळच्या मोटारीनं औराद. लखोटा या वहीखाली ठेवून लिहितेय. पातळ आहे. दिव्यासमोर धरायचा नाही असं सकाळीच ठरवलं. धरला. आत घडी आहे, अक्षर दिसत नाही.

तंदुरुस्त लिहिलं असेल तर माझं खोटं आणि त्यांचं खोटं मिळून मी शाळेत उभी राहणार आणि पोरांना खरं बोला म्हणून शिकवणार. दमा लिहिला असेल तर ऑफिसात अर्ज आणि दाखला शेजारी ठेवतील. एकात इल्ला. दुसऱ्यात हौदु, म्हणजे हो.

छाती मोकळी आहे आज. शिंका चार. गोळ्यांनी, की दवण्यानं, की दसरा सरला म्हणून. गोठ्यामागचं रोप कुणीतरी उचलून दाराशी लावलंय, आळं करून पाणीही घातलंय. मायनं नाही लावलं. अप्पांच्या खुरप्याला ओली माती.

दिवेलागणीला अप्पा म्हणाले, "त्यात वाईट असंल त तिथं सायबाम्होरं कळाया नगं तुला. हितं कळू दे. मी हाय हितं."

माय म्हणाली, "चिकटिवलेलं हाय."

"वाफंवर धरलं की सुटतंय. परत भाताच्या पेजंनं लावू."

मी म्हटलं, अप्पा, आपलं चौथं शील.

"ठाव हाय."

पण उठले. वाफेचं ते मडकं घासून घेतलं, पाणी भरलं, चुलीवर ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसले, मलम लावलेले हात मांडीवर उताणे ठेवून. "मी न्हाई हात लावनार लखोट्याला. तू म्हनशील तसं."

सुमी जाळ सारतेय. माय आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघतेय. मी लिहितेय, म्हणजे लखोट्यावरची वही उचलावी लागत नाही.

पाण्याला आधण आलं.